राणी कलरवाले

फुटबॉल हा रडक्यांचा खेळ आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना राग यायचा त्यांना इथेच येऊन जाईल. बैलासारख्या मांड्यांचा धडधाकट गडी, पण त्याला कुणाचं बोट लागलं की वीज पडल्यासारखा कोसळतो. मग लोळतो. लागलेलं असतं डाव्या पायाला आणि धरतो उजवा. तोंड असं करतो की घरचं कुणी पोचवून आलाय. शिट्टी वाजली, मनासारखं झालं, की उठून हरणासारखा पळायला मोकळा. आमच्याकडे कापडाच्या कारखान्यात लूमचा धोटा उडून एका कारागिराच्या कपाळाला लागला होता, तो डोक्याला फडकं बांधून पाळी संपेपर्यंत उभा राहिला. त्याला लोळायला जागाच नव्हती, दोन लूमच्या मधे वीतभर अंतर. मी हा खेळ जन्मभर बघितला आहे, आजही बघते, आणि जन्मभर त्याला शिव्या दिल्या आहेत. दोन्ही एकाच वेळी करता येतं. संसारही बायका तसाच करतात.

रग्बीला मी तेवढ्या शिव्या देत नाही. तेही मूर्खच, पण खोटारडे नाहीत. त्या खेळाचं नाव आम्हाला खूप दिवस माहीतच नव्हतं. चेंडू पपईसारखा लांबोडा, म्हणून आमच्या घरात त्याला पपईचा खेळ म्हणायचे. त्यातल्या गड्यांचे कान बघावेत, चुरगाळून फेकलेल्या पोळीसारखे. भुवई फुटते, रक्त डोळ्यात जातं, बाहेर जाऊन पट्टी बांधून घेतात आणि परत येऊन त्याच माणसाच्या अंगावर जातात. पंचाशी वाद नाही, हातवारे नाहीत. माझी माय म्हणायची, "या तर म्हशीस्ना टक्करा शेत." असतील. पण म्हैस टक्कर मारून झाल्यावर रडत नाही.

हे दोन्ही खेळ माझ्या आयुष्यात आले ते आप्पांच्या झोपेमुळे. आप्पा म्हणजे माझे वडील. आमची सुरतेतली खोली उधन्याच्या बाजूला, वर पत्रे, मधे मायच्या जुन्या साडीचा पडदा. पडद्याच्या पुढे बसायचं, निजायचं आणि पाहुण्यांना बसवायचं. मागे स्टो, माठ आणि मोरी. आप्पा लूमवर कारागीर. बारा तासांची पाळी, पंधरा दिवस दिवसाची, पंधरा दिवस रात्रीची. रात्रपाळी असली की ते सकाळी येऊन भाकरी खाऊन आडवे व्हायचे आणि मग घरात पेला ठेवायचा तोसुद्धा फडक्यावर. लूमच्या आवाजाने त्यांचे कान कधीचे गेले होते. समोर उभं राहून हाक मारली तरी ऐकू यायची नाही. पण झोपेत मात्र टीव्हीत शिट्टी वाजली की उठून बसायचे. हे कसं, ते मला अजून कळलेलं नाही.

माझी शाळा चौथीत सुटली. नापास झाले म्हणून नव्हे. घरी धागा कटिंगचं पोटलं यायला लागलं म्हणून. मिलमधून साड्यांचं गाठोडं यायचं. नक्षीच्या साडीला उलट्या बाजूने सुटे धागे लोंबतात, ते छोट्या कात्रीने कापून साडी साफ करायची. सवय झाली की बोटं आपली चालतात, डोळे मोकळे राहतात. त्या मोकळ्या डोळ्यांपुढे आप्पांनी जुना टीव्ही आणून ठेवला, आणि थोड्या दिवसांनी गल्लीत केबल आली. नरेशभाई नावाचा गुजराती माणूस पत्र्यांवरून तारा ओढत फिरायचा. दुपारी सगळ्या बायका मालिका बघायच्या. मालिकेला आवाज लागतो. रडणं ऐकू आलं नाही तर काय बघायचं? माझ्याकडे आवाजाला बंदी. म्हणून मी बिनआवाजाचं काहीतरी शोधत बटणं दाबत गेले आणि मला हे पपईवाले सापडले. त्यांच्या पाठोपाठ फुटबॉलवाले.

लोकांना वाटतं खेळाचे नियम कुणीतरी शिकवावे लागतात. मला कुणी शिकवले नाहीत. लूमच्या खडखडाटात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून कारागीर हातांनी बोलतात. दोन बोटं जोडून वेगळी केली की धागा तुटला. मूठ वळून खाली ओढली की लूम बंद कर. बोट गोल फिरवलं की चालू दे. पोटावरून हात फिरवला की शेठ आला. आप्पा घरीही तसेच बोलायचे. मायसुद्धा भाजीत मीठ जास्त झालं का ते हातानेच विचारायची. अशा घरात वाढलेल्या पोरीला पंचाचे हात वाचायला किती वेळ लागणार? पपईच्या खेळात चेंडू पुढे फेकायचा नाही, मागेच द्यायचा आणि स्वतः पुढे पळायचं, हे मला पंचाच्या हातांवरून कळलं. टीव्हीतली बाई काय बोलते, बाबा काय बोलतो, ती इंग्रजी बडबड मी कधी ऐकलीच नाही. पुढे कधीतरी आवाज लावून बघितला तर तो बडबडणारा माणूस डोळ्यांना दिसतंय तेच ओरडून सांगत होता. आंधळ्यांसाठी असेल तर ठीक आहे.

मॅचा शिळ्या असायच्या. कुठेतरी कधीतरी होऊन गेलेल्या, संध्याकाळी परत दाखवायचे. आमच्या गल्लीत निकाल कुणाला ठाऊक असणार? आम्हाला त्या ताज्याच. देशांची इंग्रजी नावं वाचता यायची नाहीत, म्हणून संघ रंगावरून ओळखायचे. घरात साड्या असल्यामुळे रंगांची नावं मात्र पक्की होती: मोरपंखी, गाजरी, राणी कलर, बॉटल ग्रीन. नरेशभाई एकदा दारात येऊन म्हणाला, "बेन, आ चॅनल कोई जोतुं नथी. काढी नाखुं?" मी म्हटलं, "काढशो तो तमारो तार कापी नाखीश." त्याने कात्री बघितली आणि चॅनल ठेवलं.

खेळ बघायची एक रीत असते आणि ती फार थोड्यांना असते. आल्याआल्या "कोण जिंकतंय?" विचारणारा माणूस मला दारातच नको होतो. जिंकतंय कोण हे कळायला तू उशिरा आलास, आता बस आणि बघ. गोल झाला नाही म्हणून जांभया देणारेही तसलेच. मला तर शून्य-शून्यची मॅच सर्वांत आवडते. तिच्यात कुणीही खोटं हसत नाही. आता माझा नातू आमच्या आताच्या कोसाडच्या घरात मोबाइलवर नुसते गोल बघतो. एक गोल, दुसरा गोल, तिसरा गोल. म्हटलं, अरे, जेवलास कधी? ही तर नुसती बडीशेप खातोयस. तो म्हणतो, "आजी, तने समज नथी पडती." मला समजत नाही. बरं.

पण सर्वांत वाईट जात वेगळीच आहे, आणि तिची ओळख मला ज्या संध्याकाळी झाली, तीच सांगायला हे प्रकरण लिहायला घेतलं.

माझं लग्न ठरलं होतं. मुलगा विलास, पलसाण्याच्या मिलमध्ये कपडा सुकवायच्या मशीनवर. दिसायला बरा, केसांचा भांग पाण्याने बसवलेला, बोलताना अर्धं गुजराती. त्याचे वडील भिकनआबा आमच्याच बाजूचे, धुळ्याकडचे. तरुणपणी लूमवर होते, मग छातीने त्रास दिला म्हणून एका गोदामावर वॉचमन झाले, त्यामुळे कान तेवढे वाचले. सुपारी फुटली होती. मला कुणी विचारलं नव्हतं आणि मलाही काही सांगायचं नव्हतं. नवरा काय, हवाच असतो म्हणतात, आणि हा लंगडा नव्हता, दारुडा नव्हता. दुसऱ्या दिवशी बस्ता बांधायचा होता. दोन्हीकडच्या लोकांनी मिळून बाजारात जायचं, नवरा-नवरीचे आणि मानपानाचे कपडे एका दुकानातून घ्यायचे. आमच्यात सुपारीनंतर एखादा मागे फिरला तर लोक महिनाभर बोलतात. बस्ता बांधल्यावर फिरला तर ते घरच बोलण्यातून उठतं. तेव्हा मागे फिरायला शेवटची संध्याकाळ तीच होती. पण मला फिरायचं कुठे होतं? मला मॅच बघायची होती.

राणी कलरच्या संघाची मॅच होती. त्यांच्या मागच्या सगळ्या मॅचा मी बघितल्या होत्या. त्यांचा गोलकीपर म्हातारा, पोट सुटलेला, आणि तरीही कधी लोळला नव्हता. माझं त्यांच्यावर मन होतं. आणि नेमके त्याच वेळी पाहुणे. माय सकाळपासून बट्ट्यांच्या मागे लागली होती. वरण-बट्टी आणि घोटलेली वांग्याची भाजी, वाटीवाटी तूप. मी टीव्हीपुढे बसलेली दिसताच तिने उलथनं दाखवलं.

"पाव्हना येतीन अन् तू काय बठनी तठे? ऊठ! ओढणी नीट ले."

"माय, पडद्याला फट ठेव जराशी."

"डोया फोडसू तुना."

पण फट राहिली. पडद्याची साडी जुनी होती, ती एका बाजूने आपोआप सरकायची.

पाहुणे आले. भिकनआबा, विलास, आणि आमच्या शेजारचा सुपडूभाऊ, जो बोलावल्याशिवाय सगळीकडे असायचा. आप्पांनी कौतुकाने टीव्ही लावला, कारण घरात दाखवण्यासारखं दुसरं काही नव्हतं. आप्पा आणि सुपडूभाऊ लूमवाले, दोघंही कानांनी गेलेले, म्हणून आवाज मोठा. मी मागे बट्ट्या तळत होते आणि फटीतून बघत होते. समोर टीव्ही, त्याच्या अलीकडे तिघांच्या पाठी. आबा तेवढे बाजूच्या भिंतीला टेकून बसले होते. त्यांना खेळाचं काही पडलेलं नव्हतं.

पहिला गोल राणी कलरने केला. विलास मांडीवर हात मारून ओरडला, "ही आपली टीम! गुलाबीवाले!" मला बरं वाटलं. खरं सांगते, त्या क्षणापुरता मला तो आवडला. म्हटलं, चला, निदान एका बाजूचे तरी आहोत.

मग बॉटल ग्रीनने गोल फेडला, आणि थोड्या वेळात दुसराही केला. म्हाताऱ्या गोलकीपरच्या हाताखालून चेंडू गेला. विलास हसला. "म्हातारं काय उभं केलंय! हिरवे भारी आहेत. मी तर पहिल्यापासून म्हणत होतो."

सुपडूभाऊ म्हणाला, "ओ जावईबापू, मघाशी तर गुलाबी म्हणत होतात?"

"कोण? मी? छे छे. मी हिरवेच बोललो. भाऊ, तुमचे कान गेलेत."

सगळे हसले. सुपडूभाऊसुद्धा हसला, कारण त्याचे कान गेलेच होते. मी झारा हातात धरून उभी राहिले. त्याने बाजू बदलली ते एक वेळ सोडा. भित्रे लोक असतात, वारा बघून वळतात. पण हा बदलून वर म्हणतो, मी तिथे नव्हतोच. आणि ज्याने बरोबर ऐकलं त्याला बहिरा ठरवतो. मॅच पुढे चालू होती. राणी कलरने परत बरोबरी केली आणि विलास पुन्हा मांडीवर हात मारून उठला, "बघा! बघा माझी टीम!"

सुपडूभाऊने हात जोडले. "आता नेमकी कोणती?"

"जे जितशे ते आपली. एमां शुं? हरणाऱ्याशी आपल्याला काय करायचंय?"

मला त्या वेळी काय काय डोळ्यांपुढे आलं ते मी नीट सांगू शकत नाही, आणि मोठमोठं काही आलं असं खोटंही लिहिणार नाही. एवढंच आलं की उद्या मी आजारी पडले, पोर झालं नाही, हात मशीनमध्ये गेला, तर हा माणूस चार लोकांत म्हणेल, ही माझी बायको? मी तर पहिल्यापासून नको म्हणत होतो. आणि लोक हसतील.

पडद्याची फट मी हाताने मोठी केली. आप्पांनी मान वळवली तेव्हा मी हनुवटीने विलासकडे दाखवलं. दोन बोटं जोडली आणि वेगळी केली. मग मूठ वळून खाली ओढली. धागा तुटला, लूम बंद करा.

आप्पांना आधी वाटलं स्टोचं काहीतरी झालं. मी परत केलं. परत हनुवटी, परत बोटं, परत मूठ. त्यांना समजलं. त्यांचा चेहरा भिंतीसारखा झाला. त्यांनी मांडीआड हात लपवून बोट गोल फिरवलं. चालू दे. मी मूठ ओढली. त्यांनी बोट फिरवलं, जोरात. मी मूठ ओढली. असं आमचं भांडण चाललं होतं, आणि तिकडे टीव्ही बोंबलत होता, आणि मला वाटत होतं की जगात हे फक्त आम्हा दोघांना कळतंय. लहानपणापासून ही आमच्या घरातली बोली, त्यामुळे ती कारखान्यातून आलेली आहे हे डोक्यातच राहिलं नव्हतं. खोलीभर लूमवाले बसवून मी लूमच्या भाषेत लग्न मोडत होते. बाकीचे टीव्हीकडे बघत होते म्हणून निभावलं. एक माणूस टीव्हीकडे बघत नव्हता.

भिकनआबा हळूच उठले. "पानी पेस," म्हणत पडद्याच्या आत आले. माय वाढायची ताटं पुसत होती, ती दचकून बाजूला झाली. आबांनी माठातून पाणी घेतलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "कोन्हा लूम बंद करी ऱ्हायनी वं पोरी?"

माझ्या हातातला झारा तुपात बुडाला.

"मीबी चलायेल शेत लूम. बोल. मना पोऱ्यामा काय खोट शे?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी खाली बघत, हळू आवाजात सांगितलं, "आबा, तुमना पोऱ्यानी घंटाभरमा दोन येळा पार्टी बदली. अन् बदली नही अशी सांगस."

मला वाटलं म्हातारा हसेल, किंवा थोबाडीत देईल. त्याने दोन्ही केलं नाही. पाण्याचा पेला तसाच धरून तो पडद्यातून आपल्या मुलाच्या पाठीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तुले घंटाभरमा समजनं. मना जलम गया." पाणी प्याला, पेला पालथा ठेवला आणि बाहेर गेला.

बाहेर जाऊन तो खोलीच्या मधोमध उभा राहिला आणि मोठ्याने म्हणाला, "चल रे विलास. अशी तोंडाळ पोर आमले नको. उद्या बस्ता नही न् काही नही."

विलास टीव्हीवरून नजर काढायलाच तयार नव्हता. "काय झालं? दहा मिनिटं बाकी आहेत, बाबा!" त्याला हाताला धरून उठवावं लागलं. सुपडूभाऊ आ वासून बघत राहिला. तोंडाळ! मी त्या संध्याकाळी एका माणसाशी बोलले होते, तेही कुजबुजत, तेही त्याने विचारलं म्हणून. खोलीत कुणी माझा आवाजसुद्धा ऐकलेला नव्हता.

ही गोष्ट मी ज्या कुणाला सांगितली, तो म्हणतो, म्हातारा देवमाणूस, त्याने तुला वाचवलं. कसला देवमाणूस? त्याला खोट माहीत होती. तीच खोट झाकून तो माझ्या दारात सुपारी फोडायला आला होता. मोडायची वेळ आली तेव्हा "माझ्या पोरात खोट आहे" एवढं म्हणायचं होतं. ते जमलं नाही. त्याने स्वतःचं नाक वाचवलं आणि माझं कापलं. मी वाचले ती मूठ ओढल्यामुळे. त्याचे उपकार मी मानलेले नाहीत, आणि तो वारला तेव्हा पोचवायलाही आमच्या घरातून कुणी जाऊ नये असं मीच सांगितलं. घरचे तरीही गेलेच, ती गोष्ट वेगळी.

गल्लीत नाव व्हायचं ते झालं. मॅचवाली. नळावर बायका एकमेकींना डोळ्यांनी दाखवायच्या. कितीतरी दिवस आमच्या दारात कुणी सोयरीक घेऊन आलं नाही. ज्या माणसाशी शेवटी लग्न झालं, तो कुठलाही खेळ लावला की घोरायला लागायचा. मी त्याच्याविरुद्ध पुष्कळ बोलू शकते, पण तो कधी कुणाच्या बाजूने नव्हता, त्यामुळे बदलायचा प्रश्नच आला नाही.

त्या संध्याकाळी पाहुणे गेल्यावर माय मोरीपाशी बसून रडत होती. रडता रडता मला, आप्पांना, केबलवाल्याला आणि टीव्ही बनवणाऱ्याला शिव्या देत होती. सुपडूभाऊ ही बातमी पुढच्या घरी द्यायला निघून गेला. आप्पा भिंतीकडे तोंड करून बसले. मला वाटलं उठतील आणि मारतील, मी तयारही होते. पण कुणी उठलं नाही. टीव्ही चालूच होता. मी पडदा बाजूला सारला आणि पुढे येऊन बसले, जिथे मघाशी विलास बसला होता तिथेच, जमीन अजून गरम होती. बॉटल ग्रीनवाले पुन्हा पुढे गेले होते. म्हातारा गोलकीपर गुडघ्यावर हात ठेवून धापा टाकत होता.

आप्पांनी तोंड वळवलं. टीव्हीकडे बघितलं. मग मला विचारलं, तोंडाने, हाताने नाही, "आपला कोनता?"

"राणी कलर," मी त्यांना ओठ दिसतील असं तोंड करून सांगितलं.

"जिकतस का?"

"नही. हरतस."

आप्पा थोडे पुढे सरकून बसले. दोघांनी मॅच संपेपर्यंत बघितली. राणी कलरवाले हरले, आणि वाईट खेळून हरले. शेवटी तर चेंडू कुणाच्या पायात ठरतच नव्हता.

"भिकार खेयनात," आप्पा म्हणाले.

"हां," मी म्हटलं, आणि बट्ट्या वाढायला उठले.